बाईंचं अवाढव्य हृदय

…आणि वर मलाच विचारतात, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं एवढा मोठा शब्द वापरायला?" आता काय बोलणार! कोणी सांगितलं होतं? सगळ्यांनी सांगितलं होतं! बायकोनं सांगितलं, सासऱ्यांनी सांगितलं, मुलीनं तर पाठीला हात लावून ढकललं… आणि शब्द तोंडातून सुटल्यावर सगळे झाले बाजूला, राहिलो मी एकटा! तुम्हाला सांगतो, माणसाला जरा जरी अक्कल असेल ना, तर त्यानं मोठ्याला मोठं म्हणावं आणि गुपचूप घरी जावं. पण नाही!

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो. मी बटणांच्या कारखान्यात आहे. हसताय काय? तुमच्या शर्टाला लागलीयेत ती काय झाडावरून तोडून आणली? कोणीतरी करतंच ना? तर ते आम्ही. त्यात मी ढोल खोलीत. ढोल म्हणजे बडवायचा नव्हे… म्हणजे वाजतो तो भरपूर, पण त्यासाठी ठेवलेला नाही. कापून आलेली बटणं असतात खरखरीत, ती एका मोठ्या लाकडी पिंपात टाकायची, वर पॉलिशची पूड टाकायची, झाकण घट्ट लावायचं आणि पिंप फिरत ठेवायचं, बटणांच्या कडा गुळगुळीत होईपर्यंत. आता पिंपभर बटणं एकमेकांवर आपटल्यावर आवाज काय बासरीचा येणार? खडखडखडखड! आणि अशी पिंपांची रांगच्या रांग! आणि खोलीला खिडकी नाही. का नाही? तर म्हणे आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. वा! बाहेर जाऊ नये, मग जावा कुठं? माझ्या कानात!

त्यामुळे झालंय काय, की मला ऐकू येतं कमी आणि मी बोलतो जास्त. म्हणजे मोठ्यानं. मी घरात "मीठ दे" म्हटलं की शेजारचे दार उघडून बघतात, आग लागली की काय. बायको म्हणते, "अहो, मी तुमच्या समोर बसलेय, पलीकडच्या गल्लीत नाही!" आणि आवाजाचं एक वेळ सोडा हो, माणूस सवय करून घेतो, पण उजेड? दिवसभर त्या पिवळ्या दिव्याखाली काम करायचं आणि संध्याकाळी दार उघडलं की कळायचं, अरेच्चा, आज ऊन होतं! होतं! माझ्या आयुष्यातलं बहुतेक सगळं ऊन असं 'होतं' मध्ये गेलंय, खोटं नाही सांगत.

आणि आमच्याच कारखान्यात, वरच्या मजल्यावर, एक नमुना खोली आहे. आहाहा! भिंतभर छोटे छोटे खण, प्रत्येक खणात एकेक नमुना, दोन छिद्रांचं, चार छिद्रांचं, काळं, तपकिरी, शिंपल्यासारखं चमकणारं… गिऱ्हाईक आलं की खण ओढायचा, बटण मखमलीवर ठेवायचं आणि हळू आवाजात म्हणायचं, "हे बघा." बस! एवढंच काम! आणि तिथं खिडकी! पुरुषभर उंचीची खिडकी! खाली रस्ता, समोर न्हाव्याचं दुकान, एक झाड, येणारीजाणारी माणसं… त्या खोलीत बसणारे काका निवृत्त झाले आणि खुर्ची रिकामी झाली. त्या खुर्चीवर कोण बसणार ते ठरवणार बाई.

बाई म्हणजे आमच्या मालकीणबाई. आता बाई दिसायला कशा? एवढ्याशा! खुर्चीवर बसल्या तर पाय जमिनीला टेकत नाहीत, माइकसमोर उभ्या राहिल्या तर मागच्यांना फक्त अंबाडा दिसतो. पण स्वभावानं? केबिनचं दार सताड उघडं. कोणीही जावं, काहीही मागावं. कुणाच्या सासूला दवाखान्यात न्यायचंय, कुणाला भावाकडे जायचंय, कुणाचं नवऱ्याशी भांडण झालंय… बाई सगळं ऐकणार, सगळ्याला हो म्हणणार. त्यांच्या तोंडून मी 'नाही' हा शब्द कधी ऐकला नाही. अर्थात मला ऐकूच कमी येतं, पण बाकीच्यांनीही नाही ऐकला.

मग जाऊन मागायची ना खोली? जाऊन मागायची! बायको हेच म्हणाली. पण मला केबिनमध्ये गेलं की शब्द सुचत नाहीत हो. दोनदा गेलो. एकदा विचारून आलो, "पंखा नीट चालतोय ना, बाई?" आणि दुसऱ्यांदा त्यांच्या टेबलावरचा रिकामा पेला उचलून घेऊन आलो. आणि तिकडे खोलीवर डोळा ठेवून बसला होता पोपट!

पोपट म्हणजे आमच्या विक्री विभागातला. नाव त्याचं वेगळंच आहे, पण ते आता त्याच्या आईलासुद्धा आठवत नसेल. काय गोड बोलतो! "बाई, आज आपण आलात आणि कारखान्यात उजेड पडला!" अरे, उजेड पडला तर मला कसा दिसला नाही?

तर कारखान्याचा वर्धापन दिन आला. त्या दिवशी कॅन्टीनमधली टेबलं बाजूला सारून सगळे जमतात आणि ज्याला वाटेल तो बाईंबद्दल दोन शब्द बोलतो. बायकोनं फर्मान काढलं, "या वेळी तुम्ही बोलायचं! तो पोपट बोलणार आणि तुम्ही काय नुसते समोसे… आपलं, टाळ्या खाणार?" मी म्हटलं, "अगं टाळ्या खात नाहीत." म्हणाली, "तुमचा काही भरवसा नाही. बोला!" आता मी काय बोलू? माझ्याकडे शब्द एकच, 'मोठा'. बाईंचं मन मोठं आहे. संपलं भाषण. मी तेच लिहून काढलं आणि घरात वाचून दाखवलं.

मुलगी हसायलाच लागली. कॉलेजात जाते ती. म्हणाली, "बाबा, मोठं काय मोठं? प्रचंड म्हणा, प्रचंड!" तिच्याकडेही शब्द एकच आहे, फक्त तो माझ्यापेक्षा मोठा आहे. तिला सगळंच प्रचंड. "प्रचंड भूक लागलीय." "प्रचंड झोप येतीय." परवा कानातलं आणलं, मुगाच्या दाण्याएवढं, तर मैत्रिणीला फोनवर सांगतेय, "अगं, प्रचंड छोटंय!" प्रचंड छोटं! मी एकदा विचारलं, "आज कॉलेजात काय झालं?" तर म्हणते, "काहीच नाही. प्रचंड काहीच नाही."

हे ऐकलं आणि कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत आमचे सासरे उठून बसले. सासरे म्हणजे निवृत्त मास्तर, भाषा शिकवायचे. आमच्याकडेच असतात. तसे शांत आहेत, दिवसभर पेपर वाचतात, पण शब्द चुकीचा वापरला की त्यांच्या पायाला मुंग्या येतात. म्हणाले, "प्रचंड! चंड म्हणजे उग्र! वादळ प्रचंड, गर्दी प्रचंड, संताप प्रचंड! तुमच्या मालकीणबाई काय वादळ आहेत, जावईबापू?" मी म्हटलं, "नाही हो मास्तर, एवढ्याशा आहेत." "मग हृदयाला काय म्हणावं?" मी माझ्या कागदात बघितलं. "विशाल! विशाल हृदय! कारण विशाल ते, ज्यात दुसऱ्याला जागा असते. भव्य म्हणजे जे बघायला मान वर करावी लागते. प्रशस्त म्हणजे जिथं पाय पसरता येतात. विस्तीर्ण म्हणजे जिथं नजर दमते. अफाट म्हणजे ज्याला काठच नाही. आणि अवाढव्य म्हणजे—"

घर्रर्रर्रर्र! बायकोनं मिक्सर लावला.

तुम्हाला सांगतो, माझ्या संसाराचं वाटोळं त्या मिक्सरनं केलं! सासरे बोलतायत, हात हलतायत, भुवया वर चढतायत, मुलगी खदाखदा हसतेय, आणि मला ऐकू येतोय फक्त घर्रर्र! मिक्सर थांबला तेव्हा सासरे परत पेपरात. मी म्हटलं, मास्तर, शेवटचं काय म्हणालात? म्हणाले, "ते तुमच्या कामाचं नाही. तुम्ही विशाल लक्षात ठेवा." मी ठेवलं. पण तो दुसरा शब्द कानात अडकून बसला ना! अ-वा-ढ-व्य. काय शब्द आहे! म्हणताना तोंड भरतं. 'वा' ला तोंड उघडतं, 'ढ' ला जीभ आपटते, 'व्य' ला ओठ मिटतात, घास खाल्ल्यासारखं वाटतं. मी पिंपाजवळ उभं राहून म्हणून बघायचो, आवाजात कोणाला ऐकू जातंय! अवाढव्य! आणि मला मनातून खात्री, की सासऱ्यांनी शब्द चढत्या क्रमानं सांगितले असणार. मास्तर माणूस, पायरी पायरीनं जाणार. मग शेवटचा तो सगळ्यांत वरचा! आता यात माझं काय चुकलं, सांगा बरं?

अहो, मोठ्याला मोठं म्हणावं आणि गुपचूप घरी जावं. पण नाही!

वर्धापन दिन. कॅन्टीन गच्च. बाई समोर खुर्चीत, पाय अधांतरी. त्या दिवशी जरा ओढलेल्या दिसत होत्या, पण मी मनात विशाल घोकत होतो, माझं कुठं लक्ष! माझ्या आधी पोपट उठला. आणि त्यानं काय करावं? "बाईंची भव्य दृष्टी!" टाळ्या. "बाईंचा अफाट अनुभव!" टाळ्या. मी आपला शांत, म्हटलं, जाऊ दे, ते माझे नाहीतच. आणि मग पोपटानं छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "आणि बाईंचं हे विशाल… विशाल… हृदय!"

गेला! माझा शब्द गेला! माझ्या डोळ्यांदेखत त्यानं चोचीत धरून नेला! नाव त्याचं पोपट आणि पोपट झाला माझा!

तेवढ्यात कोणीतरी माझं नाव पुकारलं. मुलगी आलेली होती, तिनं मागून ढकललं, मी माइकसमोर. समोर एवढी माणसं. माझ्या हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर एकच ओळ, आणि तीही आता उष्टी. आता तुम्ही असता तर काय केलं असतं? उष्टा शब्द बाईंना वाढला असता? मला एकदम त्वेष चढला. म्हटलं, आज आरपार! आणि मी माझ्या ढोल खोलीच्या आवाजात सुरू केलं, माइकची गरजच नव्हती, पण माइकही चालू.

"आत्ता कोणीतरी म्हणालं, बाईंचं हृदय विशाल आहे. चूक!"

पोपटानं डोळे उघडले.

"विशाल नाही! भव्य नाही! प्रशस्त तर अजिबात नाही! मी गेली कित्येक वर्षं जवळून बघतोय. बाईंचं हृदय… अवाढव्य आहे!"

बाई हलल्या. मला वाटलं, शब्द लागला! मग काय, मला चेवच आला.

"अवाढव्य आहे आणि दिवसेंदिवस वाढतच चाललंय! आपण सगळे ते बघतोय, पण कोणी बोलत नाही! आज मी बोलतो! आणि माझी एकच इच्छा आहे, की ते असंच वाढत राहो! इतकं वाढो, इतकं वाढो, की एक दिवस…" आणि पुढचं सुचेना हो! एक दिवस काय? मी हात पसरून उभा, 'एक दिवस, एक दिवस' म्हणतोय, शेवटी म्हटलं, "एक दिवस मावणार नाही!" आणि खाली उतरलो.

टाळी एकच वाजली. आमच्या ढोल खोलीतल्या जोडीदाराची. त्याला माझ्यापेक्षाही कमी ऐकू येतं. बाकी सगळे बाईंकडे बघतायत, आणि बाई पांढऱ्याफटक. पाण्याचा पेला मागितला. घोटभर प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जरा केबिनमध्ये या." एवढ्या हळू म्हणाल्या की मला ऐकू आलं नाही, मुलीनं सांगितलं, "बाबा, बोलावतायत. प्रचंड चिडल्यात बहुतेक."

आता केबिनमधलं ऐका. बाईंनी दार लावलं. लावलं! जे दार मी कधी लागलेलं बघितलं नाही, ते लावलं. मला बसवलं, आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "सासऱ्यांनी, बाई."

"तुमच्या सासऱ्यांना काय माहीत?"

"त्यांचा अभ्यास आहे, बाई. सगळी हयात त्यातच गेली."

"डॉक्टर आहेत?"

"नाही, मास्तर."

बाई जरा गोंधळल्या. म्हणाल्या, "आणि ते नेमकं काय म्हणाले?" मी म्हटलं, "सुरुवातीला ते विशाल म्हणत होते. पण नंतर म्हणाले, अवाढव्य." बाईंनी खुर्चीचा हात धरला. "एवढं? न बघता?" मी म्हटलं, "बघायला कशाला हवं, बाई! मी सगळं वर्णन करून सांगितलं होतं. ते म्हणाले, असं असेल तर दुसरं काही असूच शकत नाही." आता हे ते म्हणाले नव्हते, पण मला वाटलं सासऱ्यांचा जरा मान राखावा! बाई म्हणाल्या, "आणि… यावर काही उपाय?" मी म्हटलं, "उपाय कशाला, बाई? आम्हाला तर असंच हवंय!"

बाईंनी टेबलाचा खण ओढला आणि आतून एक मोठं पाकीट काढलं. त्यात फोटो. छातीचा. काळापांढरा. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "काल काढलाय. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. मी घरी सांगितलं नाही, कोणालाच सांगितलं नाही. आणि तुम्ही आज माइकवरून…"

तुम्हाला सांगतो, धरणी दुभंगावी आणि मी आत जावं असं झालं. मला माझं भाषण शब्दन्‌शब्द आठवायला लागलं. दिवसेंदिवस वाढतंय… असंच वाढो… एक दिवस मावणार नाही! अरे देवा! मी बाईंना सगळ्यांसमोर काय शुभेच्छा दिल्या! मी हात जोडले, म्हटलं, बाई, चुकलो, मला काही माहीत नव्हतं, तो शब्द होता हो, नुसता शब्द, माझा विशाल पोपटानं पळवला, मिक्सर मध्ये आला… मिक्सरपासून पोपटापर्यंत सगळं सांगून टाकलं, आणि सांगता सांगता माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, कारण बाई खरंच आजारी होत्या आणि खरंच एवढ्याशा दिसत होत्या त्या मोठ्या खुर्चीत.

आणि बाईंना हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांद्यातून, मग खो खो! टेबलावर हात आपटून आपटून हसतायत! "मावणार नाही! मावणार नाही म्हणाले!" मी घाबरलो, म्हटलं, बाई, हसू नका, हृदयावर ताण येईल! तर आणखी हसल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "कालपासून मी नुसती घाबरून बसले होते हो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आज पहिल्यांदा जरा मोकळं वाटलं. डॉक्टर तसं म्हणालेत, गोळ्या घ्या, दगदग कमी करा, होईल ठीक." मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की काय सांगू! नमुना खोली, खिडकी, सगळं विसरलो मी. पेला तेवढा उचलून आणला. सवय.

घरी येऊन सासऱ्यांना गाठलं. म्हटलं, मास्तर, मिक्सर बंद आहे. आता सांगा, अवाढव्य म्हणजे काय? म्हणाले, "अवाढव्य म्हणजे जे मोठं असतं, पण आवरत नाही. गेंडा अवाढव्य. पसारा अवाढव्य. खर्च अवाढव्य. का हो?" मी म्हटलं, "काही नाही. मी बाईंच्या हृदयाला म्हटलं." सासऱ्यांच्या हातातून पेपर पडला. बायको म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं एवढा मोठा शब्द वापरायला?" हे बघा! हेच ते! मुलगी म्हणाली, "मी प्रचंड म्हणाले होते." आणि चौघांत अपराधी कोण? मी!

मोठ्याला मोठं म्हणावं आणि गुपचूप घरी जावं… मी काही चूक म्हणतो का?

बरं, इथं तरी संपावं! पण कारखान्यात त्या शब्दाला पाय फुटले. आजाराचं कोणालाच माहीत नव्हतं, मी तोंडाला कुलूप लावलं होतं. पण भाषण सगळ्यांनी ऐकलेलं. दुसऱ्या दिवशी बाईंच्या दारापुढे ही गर्दी! कटाईवाला म्हणतो, "बाई, तुमचं हृदय अवाढव्य आहे, माझी रजा ती केवढीशी!" कॅन्टीनवाली म्हणते, "अवाढव्य हृदयात एक नवीन शेगडी नाही का बसणार?" पॅकिंगवाल्या बायका तर घोळक्यानं आल्या, म्हणाल्या, आमच्या खोलीत आरसा पाहिजे. आणि आमचा जोडीदार, ज्याला काही ऐकू येत नाही, तो आत जाऊन नुसताच हात पसरून उभा राहिला, माझ्यासारखा, "अवाढव्य! अवाढव्य!" त्याला काय हवं होतं ते अजून कोणाला कळलेलं नाही. आणि बाई? हो, हो, हो, हो! सगळ्यांना हो! डॉक्टर म्हणतोय दगदग कमी करा, माणसांची वर्दळ बंद करा, आणि इथं माझ्या एका शब्दानं जत्रा भरवलेली!

मला राहवेना. मी सरळ केबिनमध्ये घुसलो, पंख्याचं काही विचारलं नाही, म्हटलं, "बाई, हे बंद करा! तुम्ही नाही म्हणायला शिका!" बाई थकल्या होत्या. म्हणाल्या, "नाही जमत हो मला. तुमच्या सासऱ्यांना विचारलंत का, त्या शब्दाचा अर्थ काय?" मी मान खाली घालून सांगितलं, "मोठं… पण आवरत नाही असं." बाई म्हणाल्या, "मग बरोबरच म्हणालात की तुम्ही. पोपट म्हणाला ते गोड होतं, पण तुम्ही म्हणालात ते माझं आहे. नाही आवरत मला."

तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला! म्हणजे शब्द लागलाच होता!

आणि मग बाई म्हणाल्या, "तुम्ही माझ्यासाठी ओरडलात. इतक्या जणांत तुम्ही एकटेच काही न मागता आलात. आता मागा. काय हवं तुम्हाला?"

आली! वेळ आली! मी तोंड उघडलं… 'नमुना खोलीचा प्रमुख करा' म्हणायचं, एवढं सोपं. पण मला भीतीच बसली ना शब्दांची! 'प्रमुख' जरा मोठा वाटला. 'खोली' म्हटलं तर हावरट वाटेल. 'बढती' म्हटलं आणि त्याचाही फोटो निघाला तर? म्हटलं, आता मोठा शब्द नको, एकदा पोळलोय. सगळ्यात लहान, सगळ्यात साधा, एवढासा शब्द शोधला आणि अगदी हळू, आयुष्यात पहिल्यांदा हळू, म्हणालो, "बाई, मला काही मोठं नको. मला एक खिडकी द्या."

बाईंचा चेहरा असा उजळला! टाळीच वाजवली त्यांनी. "अहो, माझ्या मनात अगदी हेच होतं! डॉक्टरही म्हणाले, मध्ये कोणीतरी माणूस ठेवा. तुम्ही स्वतःहून म्हणालात!" मी म्हटलं, "हो?" म्हणाल्या, "हो! आजच सुताराला सांगते!" मी आनंदात घरी. सुतार कशाला ते विचारलं नाही. मला वाटलं, खुर्ची रुंद करणार असतील. बायकोला उचलूनच घेतलं मी! मुलगी म्हणाली, "प्रचंड भारी, बाबा!" आणि तुम्हाला सांगतो, सासऱ्यांनीसुद्धा त्या प्रचंडला हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो तर बाईंच्या केबिनचं दार बंद, आणि बाहेर बोळात सुतारानं लाकडी फळ्या ठोकून एक खोपटं केलेलं. समोर चौकोनी भोक. भोकावर पाटी: 'चौकशी खिडकी'. आत स्टूल. स्टुलावर मी!

नमुना खोली पोपटाला मिळाली. आणि त्यानं तिथं काय केलंय माहितीय? पडदा लावलाय! म्हणतो, डोळ्यांवर ऊन येतं!

काय करणार? बाईंना सांगू, की मी म्हणालो ती खिडकी ही नव्हे? त्यांच्या गोळ्या लागू पडल्यात, चेहऱ्यावर रंग आलाय, दुपारी जरा डुलकी काढतात, डॉक्टर खूश आहेत. दाराच्या फटीतून मला म्हणतात, "तुम्ही होतात म्हणून हो!" आता यावर तोंडातून काय निघणार? 'नाही' म्हणायला मला तरी कुठं येतं! पण ते दिवसभर म्हणावं लागतं, बाईंच्या वतीनं. सकाळी आठला जी रांग लागते ती पार बोळाच्या टोकापर्यंत. सगळे एकदम डोकी घालतात आत, सगळ्यांच्या तोंडी तोच माझा शब्द, आणि मी आपला माझ्या ढोल खोलीच्या आवाजात ओरडत असतो, "अहो, मान्य! बाईंचं हृदय अवाढव्य आहे, शंभर टक्के मान्य! पण खिडकी एवढीशी आहे… एकेकानं या!"